ऑक्टोबरमधली चोरी फुकट नको

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या नियमपुस्तकात 9.07 क्रमांकाचा नियम बेस-चोरीची, म्हणजे बॅटरच्या फटक्याची वाट न बघता रनरने पळून पुढचा बेस गाठण्याची, नोंद कशी करायची ते सांगतो. त्याच्या 'जी' कलमात एक गंमत आहे. समजा नववी इनिंग चालू आहे, बॅटिंग करणारा संघ पाच रननी मागे आहे आणि त्यांचा एक रनर पहिल्या बेसवर उभा आहे. त्याची कुणालाच फिकीर नाही. पहिल्या बेसचा फिल्डर त्याला सोडून मागे सरकलाय, चेंडू टाकणारा पिचर मान वळवूनही बघत नाही. रनर आरामात पळत दुसरा बेस गाठतो, बॅटरमागचा कॅचर चेंडू हातातच ठेवतो. बेस मिळाला, पण चोरी काही त्याच्या खात्यावर चढत नाही. समोरच्यांनी अडवण्याचा प्रयत्नच केला नसेल तर चोरी कसली, असं हे कलम विचारतं. नोंद होते ती 'डिफेन्सिव्ह इनडिफरन्स', म्हणजे बचावाची बेपर्वाई, अशी.

1920 पासून चालत आलेलं हे तत्त्व मला पटतं. कुणी अडवलंच नाही तर मिळवलं काय? या लेखातला माझा सगळा वाद त्याच तत्त्वावर उभा आहे. 2023 पासून मेजर लीगने रनरला अडवण्याचं पिचरच्या हातातलं मोठं हत्यार, म्हणजे पहिल्या बेसवरची फेक, बोथट केलं. एप्रिल ते सप्टेंबरच्या 162 सामन्यांत ते खपून जातं, किंबहुना त्याने खेळाचं भलंच झालं. पण ऑक्टोबरमधल्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) तो नियम जसाच्या तसा ठेवणं चूक आहे, आणि संघ निवडणारी मंडळी तिथे वेगळीच चूक करतात, असं माझं म्हणणं आहे.

आधी स्कोअरबुकाकडे थोडं थांबू, कारण बेसबॉलमध्ये नोंद ठेवणं हे खेळाइतकंच गंभीर काम मानलं जातं. प्रत्येक सामन्याला लीगने नेमलेला एक ऑफिशियल स्कोअरर असतो. हिट (बॅटरची कमाई) की एरर (फिल्डरची चूक), चोरी की बेपर्वाई, हे तो एकटा ठरवतो आणि सामन्यानंतर 24 तासांत त्याला आपला निर्णय बदलताही येतो. नुसतं 'कॅचरने फेकलं नाही' एवढं बघून त्याचं भागत नाही. इनिंग कोणती, स्कोअर काय, पहिल्या बेसचा फिल्डर रनरला धरून उभा होता का, पिचरने आधी एखादी फेक पहिल्या बेसवर केली होती का, दुसऱ्या बेसवर कुणी धावून आलं का, हे सगळं त्याने तोलायचं असतं. पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही बेसवर रनर असतील तर कॅचर बरेचदा मुद्दाम दुसऱ्या बेसवर फेकत नाही, कारण चेंडू तिकडे गेला की तिसऱ्यावरचा रनर रन काढायला होम प्लेटकडे सुटतो. ही बेपर्वाई नव्हे, हा डाव आहे. म्हणून तिथे एरवी चोरी मान्य होते. आणि एखादा खेळाडू विक्रमाच्या जवळ आलाय आणि केवळ त्याच्या खात्यावर चोरी चढू नये म्हणून प्रतिस्पर्धी संघ त्याला मोकळं सोडतोय, असं स्कोअररला वाटलं तर त्याने तीही लबाडी ओळखावी, असं टिपणीत चक्क लिहिलंय. हे लिहिणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार.

नोंदीचा नियम बदलला की इतिहास कसा वाकतो, याचं उदाहरण ह्यू निकोल. 1887 साली सिनसिनाटीकडून खेळताना त्याच्या नावावर 138 चोऱ्या लागल्या. रिकी हेंडरसनचा एका मोसमाचा आधुनिक विक्रम 130 चा, 1982 मधला. मग निकोल मोठा का? नाही. त्या काळी दुसऱ्याच्या हिटवर एक बेस जास्त पळून काढला तरी चोरी धरत असत. आजची व्याख्या 1898 ची. हेंडरसनच्या 130 मागे त्याच मोसमात 42 वेळा बाद झाल्याचीही नोंद आहे, आणि मला ती 42 ची नोंद 130 इतकीच महत्त्वाची वाटते. सगळ्या अमेरिकेला ठाऊक होतं की हा पळणार. पिचर, कॅचर, शॉर्टस्टॉप सगळे टपून बसलेले. तरीही तो पळाला. कारकिर्दीत 1,406 चोऱ्या, त्याच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर लू ब्रॉक 938 वर.

दुहेरी चोरीचा नियम मात्र मला खटकतो. दोन रनर एकदम पळाले आणि त्यातला एक बाद झाला, तर दुसऱ्याला चोरीचं श्रेय मिळत नाही. फेक दुसरीकडे गेली म्हणून याला कुणी अडवलं नाही, हा त्यामागचा तर्क. पण फेक कुठे जाईल हे पळताना त्याला कुठे माहीत होतं? असो. हा मुद्दा लहान आहे.

मोठा मुद्दा 2023 चा. त्या वर्षी लीगने तीन बदल केले. पिचरला घड्याळ लावलं: बेस रिकामे असताना 15 सेकंद, रनर असताना 20 (पुढच्या वर्षी ते 18 झाले). बेस 15 इंचांचे 18 इंची केले, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी कमी झालं. आणि तिसरा बदल आपल्या विषयाचा. एका बॅटरसमोर पिचरने पहिल्या बेसवर फेक करायची किंवा रबरवरून (पायाखालच्या पट्टीवरून) पाय काढायचा तो फक्त दोनदा. तिसऱ्यांदा फेकायला बंदी नाही, पण त्या फेकीवर रनर बाद झाला नाही तर बॉक, म्हणजे रनरला पुढचा बेस आंदण.

परिणाम लगेच दिसला. 2022 मध्ये सगळ्या लीगमध्ये मिळून 2,486 चोऱ्या झाल्या होत्या, 2023 मध्ये 3,503. यशाचं प्रमाण 75 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 80 च्या वर गेलं. रोनाल्ड अक्युन्या ज्युनियरने 41 होम रन आणि 73 चोऱ्या केल्या, पुढच्या वर्षी शोहेई ओतानीने 54 आणि 59. सामने वीसहून अधिक मिनिटांनी लहान झाले. हे सगळं चांगलंच झालं, यात मला शंका नाही. त्याआधीची दहा वर्षं चोरी ही कला जवळजवळ अडगळीत पडली होती. आकडेमोड करणाऱ्यांनी संघांना पटवलं होतं की साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्के यशाची खात्री नसेल तर पळूच नका, कारण बाद झाल्याचं नुकसान मिळालेल्या बेसपेक्षा मोठं असतं. पिचर एका रनरपायी चार-पाच वेळा पहिल्या बेसवर फेकी करायचे आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. त्या फेक्यांना लगाम घालणं गरजेचं होतं.

पण लगाम किती? 2025 मध्ये जॉश नेलरने 30 चोऱ्या केल्या. नेलर पहिल्या बेसचा भारदस्त खेळाडू, लीगमधल्या सर्वांत संथ पळणाऱ्यांपैकी एक. त्याच वर्षी हुआन सोटोने 38 केल्या, आणि तोही काही हरीण नव्हे. दोघांनी पिचरचा अभ्यास केला, योग्य क्षण हेरला, हे त्यांचं कौशल्य मी नाकारत नाही. तरीही पिचरच्या दोन फेकी संपल्या की पुढे काय होतं ते पाहा. तिसरी फेक तो बहुधा करणार नाही हे रनरला ठाऊक, पिचरला ठाऊक, आपल्यालाही ठाऊक. मग रनर आणखी दोन पावलं पुढे सरकतो. त्या क्षणी मैदानावर जे चालतं ते 'जी' कलमातल्या प्रसंगाच्या फार जवळ जातं. फरक एवढाच की तिथे बचाव करणाऱ्यांनी स्वतःहून हात आखडले होते, इथे नियमाने त्यांचे हात धरलेत. पहिल्या प्रसंगात स्कोअरबुक श्रेय देत नाही, दुसऱ्यात देतं.

आता बेसबॉलच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली चोरी घेऊ. 17 ऑक्टोबर 2004, बॉस्टनचं फेनवे पार्क, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा चौथा सामना. न्यूयॉर्क यांकीज मालिकेत 3-0 ने पुढे, आणि या सामन्यात नवव्या इनिंगला 4-3 ने. पिचर मारियानो रिवेरा, प्लेऑफमध्ये सामना संपवण्यात त्याच्या तोडीचा कुणी झाला नाही. केविन मिलरला चार बॉलवर, म्हणजे चार चुकीच्या पिचवर, पहिला बेस मिळाला आणि बॉस्टन रेड सॉक्सने त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्सला पाठवलं. स्टेडियममधल्या पोराटोरांनाही कळत होतं की हा चोरी करायलाच आलाय. रिवेराने बॅटरला एकही पिच न टाकता पहिल्या बेसवर फेक केली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक वेळी रॉबर्ट्स हात लांबवून परत बेसवर. कित्येक तास बाकावर बसून थंड पडलेलं अंग त्या फेकींमुळेच मोकळं झालं, असं रॉबर्ट्सने नंतर सांगितलंय. चौथ्या वेळी रिवेराने होम प्लेटकडे पिच केला आणि रॉबर्ट्स सुटला. होर्हे पोसाडाची फेक उत्तम होती, डेरेक जीटरचा टॅग (चेंडू रनरला लावणं) क्षणभर उशिरा लागला. बिल म्युलरच्या सिंगलवर रॉबर्ट्स होम प्लेटवर पोचला, सामना बरोबरीत आला, बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने तो जिंकला. पुढचे तीनही सामने रेड सॉक्सने घेतले, आणि मग दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, 1918 नंतरची त्यांची पहिली वर्ल्ड सिरीजही.

हाच प्रसंग आजच्या नियमात बसवून पाहा. तिसऱ्या फेकीवर रॉबर्ट्स बाद झाला नाही, म्हणजे बॉक. पंच हात वर करणार, रॉबर्ट्स चालत दुसऱ्या बेसवर जाणार. स्कोअरबुकात रिवेराच्या नावावर बॉक, रॉबर्ट्सच्या नावावर चोरी नाहीच. किंवा, आणि हेच जास्त शक्य, रिवेरा दोन फेकींवर थांबला असता आणि रॉबर्ट्सला कळून चुकलं असतं की आता हा इकडे वळायची शक्यता नाही. सामना कदाचित तसाच बरोबरीत आला असता, मालिकाही तशीच फिरली असती. पण तीन फेकी, चौथ्याला धाव, टॅगमधला तो एक श्वास, हे घडलंच नसतं. आपण प्लेऑफ बघतो ते कशासाठी? भारतात हे सामने पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होतात. एवढ्या पहाटे उठून पिचरचे दोन संपले की नाही हे मोजत बसण्यात मला रस नाही.

क्रिकेट बघणाऱ्याला हा वाद अनोळखी वाटायचं कारण नाही. डिसेंबर 1947 मध्ये सिडनीला विनू मंकडने बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं आणि पुढची सत्तरेक वर्षं जग त्यावर नाक मुरडत राहिलं. अखेर 2022 मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि त्या प्रकारचं बाद करणं 'अनफेअर प्ले'च्या कलमातून उचलून साध्या 'रन आऊट'च्या कलमात नेलं गेलं. म्हणजे क्रिकेटने आगाऊ सरकणाऱ्याला रोखण्याचा गोलंदाजाचा हक्क उशिरा का होईना पूर्ण मान्य केला. नेमकं पुढच्याच वर्षी बेसबॉलने तोच हक्क दोनवर आणला. दोन्ही खेळांची कारणं वेगळी आहेत हे खरं. बेसबॉलमध्ये पुढे सरकणं हा रनरचा हक्कच आहे, त्याला कुणी अखिलाडूपणा म्हणत नाही. पण सरकण्याचा हक्क जितका जुना, तितकाच परत पळवण्याचाही जुना आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एप्रिलमध्ये एक नियम आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा, हे बरं दिसत नाही. हा आक्षेप लीगने स्वतःच निकालात काढलाय. 2020 पासून नियमित मोसमात सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला की प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर एक आयता रनर मिळतो. 2023 मध्ये हा नियम कायमचा झाला. प्लेऑफमध्ये तो लागू नाही. का नाही? कारण कुणी न कमावलेल्या रनरने ऑक्टोबरचा सामना ठरू नये, एवढी समज लीगला आहे. दुसऱ्या बेसवर आयता बसवलेला रनर चालत नाही, तर तिसऱ्या फेकीच्या दंडापोटी दुसऱ्या बेसवर पाठवलेला रनर कसा चालतो?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मर्यादा काढली की पिचर पुन्हा फेकीमागून फेकी करणार, प्रत्येक फेकीबरोबर घड्याळ नव्याने सुरू होणार आणि सामने पुन्हा लांबणार. म्हणून मर्यादा पूर्णपणे काढा असं मी म्हणत नाही. माझी सूचना इतकीच, की प्लेऑफमध्ये तिसरी फेक फसली तर बॉक देऊ नका, बॅटरच्या खात्यात एक बॉल जमा करा. चौथी फसली, आणखी एक. पिचरला किंमत मोजावी लागेल आणि ती मोजायची की नाही हे त्याने ठरवावं. रिवेरासारख्याला नवव्या इनिंगला एक बॉल परवडला असता. उगाच वेळ काढणाऱ्याला परवडणार नाही. तीन बॉल झाले असताना तिसरी फेक फसली तर बॅटर चालत पहिल्या बेसवर आणि रनर आपोआप दुसऱ्यावर. तेवढा धोका पत्करायची ज्याची तयारी असेल त्याने खुशाल फेकावं. घड्याळ आहे तसं राहू द्या, मोठे बेसही राहू द्या. मोठ्या बेसमुळे पायाखाली येणारी बोटं वाचतात, त्याला हात लावायची गरज नाही.

आता संघनिवडीकडे. इथे माझी तक्रार लीगशी नाही, संघांशी आहे. प्लेऑफची यादी 26 जणांची, आणि ती प्रत्येक फेरीपूर्वी नव्याने देता येते. साधारणपणे ऑगस्ट संपण्यापूर्वी जो संघाच्या व्यवस्थेत दाखल आहे तोच पात्र. मालिकेच्या मध्येच कुणी जखमी झाला तर बदली मिळते, पण जखमी खेळाडू ती मालिका आणि पुढची फेरी, दोन्हींना मुकतो. 13 पिचर, 9 सुरुवातीचे खेळाडू, उरतात चार. त्यातला एक राखीव कॅचर. राहिलेल्या तीन जागांसाठी संघ ज्याला-त्याला थोडं-थोडं येतं असे खेळाडू घेतात आणि निव्वळ पळणाऱ्यासाठी जागा काढायला कचरतात. तेराव्या पिचरला मात्र घट्ट धरून ठेवतात. ऑक्टोबरमध्ये मधल्या सुट्ट्यांमुळे चार स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) पुरतात, आणि तो तेरावा माणूस बहुधा दहा रनच्या फरकाचा निकाल लागलेला सामना रेटण्यापुरता मैदानात येतो. 2022 पासून दोन्ही लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी बॅटिंग करणारा) आल्यामुळे पिचरच्या जागी बॅटिंगला माणूस राखून ठेवायचीही गरज उरली नाही. जागा आहे. ती वापरायची हिंमत नाही.

रॉबर्ट्सला रेड सॉक्सने 31 जुलै 2004 ला, खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी घेतलं. त्या मोसमात त्याने 41 प्रयत्नांत 38 चोऱ्या केल्या होत्या. यांकीजविरुद्धच्या त्या मालिकेत तो एकदाही बॅटिंगला आला नाही. दहा वर्षांनी कॅन्सस सिटी रॉयल्सने हीच गोष्ट घाऊक प्रमाणात केली. 30 सप्टेंबर 2014, ओकलंडविरुद्धचा वाइल्ड कार्ड सामना, एकच सामना, हरला तो घरी. रॉयल्स 7-3 ने मागे होते. समोर जॉन लेस्टर, ज्याला पहिल्या बेसवर फेक करायचीच अडचण होती, आणि ओकलंडचा त्या सामन्यात सुरुवातीला उतरलेला कॅचर जखमी होऊन बाहेर. आठव्या इनिंगला टेरन्स गोर पळायला आला आणि त्याने दुसरा बेस चोरला. नवव्या इनिंगला जॅरड डायसन पळायला आला, बंटवर (हळूच टेकवलेल्या फटक्यावर) दुसऱ्या बेसवर गेला, मग तिसरा बेस चोरला आणि उंच उडालेल्या फटक्यावर होम प्लेट गाठली. त्या सामन्यात सात चोऱ्या झाल्या आणि बाराव्या इनिंगला 9-8 असा निकाल लागला. रॉयल्स पुढे वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचले. गोरच्या नावावर पुढे विजेत्या संघांच्या तीन अंगठ्या आल्या, 2015, 2020 आणि 2021 च्या, आणि कारकिर्दीत त्याच्या हिट्सपेक्षा त्याच्या चोऱ्या कितीतरी जास्त होत्या.

माझ्या म्हणण्याविरुद्धचे पुरावेही कच्चे नाहीत. 2013 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईसचा कोल्टन वोंग असाच पळायला आला होता. संघ दोन रननी मागे, बॅटिंगला कार्लोस बेल्ट्रान, जो एका फटक्यात बरोबरी साधू शकला असता. कोजी उएहाराने पहिल्या बेसवर फेक केली आणि वोंग बाद, सामना खलास. त्याच्याही आधी, 1974 मध्ये, ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी हर्ब वॉशिंग्टन नावाचा नामांकित धावपटू केवळ पळण्यासाठी करारबद्ध केला. कारकिर्दीत 105 सामने, त्यात एकदाही बॅट हातात नाही, फिल्डिंग नाही. वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात नवव्या इनिंगला एका रनने मागे असताना तो पळायला आला आणि डॉजर्सच्या माईक मार्शलने त्याला पहिल्या बेसवरच पकडलं.

पण ही उदाहरणं माझ्याच बाजूने बोलतात. हर्ब वॉशिंग्टनला पळता येत होतं, पिचर वाचता येत नव्हता. वोंगला दुसरा बेस गाठून फारसं काही मिळणार नव्हतं, रन बेल्ट्रानचा महत्त्वाचा होता. म्हणजे पळणारा माणूस ठेवा, पण तो बेसबॉलमध्ये मुरलेला हवा, आणि त्याला पळवा तेव्हा बेसला किंमत हवी. 1926 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना तर खुद्द बेब रूथने संपवला: यांकीज 3-2 ने मागे, नववी इनिंग, दोन बाद, आणि रूथ दुसरा बेस चोरायला निघाला. बॉब म्यूसल बॅटिंगला होता, त्याच्यामागे लू गेरिग. रूथ बाद, मालिका सेंट लुईसची. त्या दिवशी रूथच्या जागी पळायला दुसरं कुणी पाठवणं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

भरवशाच्या बॅटरला पळू द्यायचं की नाही, हा प्रश्न 2024 मध्ये पुन्हा आला. वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात डॉजर्स आघाडीवर असताना ओतानी दुसऱ्या बेसकडे सुटला, बाद झाला आणि घसरताना डावा खांदा निखळला. मालिका त्याने कशीबशी पूर्ण केली, नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. डॉजर्सचा मॅनेजर कोण होता? डेव्ह रॉबर्ट्स. आघाडी असताना आपल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूने तो बेस चोरायला जाऊ नये, असं मला तेव्हाही वाटलं होतं. ज्याची चोरी संघाला हवी असते तो आठव्या-नवव्या इनिंगला बाकावरून उठतो, दोन मिनिटं पळतो आणि पुन्हा बाकावर येऊन बसतो. यादीतला सव्विसावा माणूस तो असावा. आणि तो पळायला आल्यावर पिचरला त्याच्याकडे हवं तितक्यांदा वळून बघता यावं, फक्त तिसऱ्या वेळेपासून पैसे मोजून.